गटारावरचा फूटपाथ

कोजागिरीच्या आसपासचे दोन-तीन दिवस सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवतात. सोलापुरातून आणि कर्नाटकातून निघालेले भाविक हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता पायी कापतात, त्यातले बरेच अनवाणी. एरवी ट्रकांचा आणि खासगी बसगाड्यांचा असलेला राष्ट्रीय महामार्ग त्या रात्री चालणाऱ्यांचा होतो. त्यासाठी आदेश निघतात, बंदोबस्त लागतो, वाटेतली गावे चहा-फराळ घेऊन उभी राहतात. नवरात्राच्या तोंडावर भवानीज्योत घेऊन गावाकडे धावत निघालेली पोरे, बुऱ्हाणनगरची पालखी, देवळाभोवती दंडवत घालणाऱ्या बाया, अशी तुळजापूरची यात्राच मुळी पायांवर चालते. तेव्हा पायी माणसासाठी रस्ता कसा मोकळा करायचा हे धाराशिव जिल्ह्यातल्या प्रशासनाला ठाऊक नाही, असे म्हणायची सोय नाही.

प्रश्न वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा आहे. त्या दिवसांत धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम अशा कुठल्याही गावात बसस्थानकाबाहेर पाऊल टाकले, की माणूस सरळ डांबरी रस्त्यावर येतो. एका बाजूला उभ्या दुचाकी, दुसऱ्या बाजूला वडाप, मधून त्याची वाट. फूटपाथ कुठे नसतो, कुठे असून नसल्यासारखा असतो. आणि असला तरी त्यावरून चालणारा माणूस दहा-वीस पावलांत खाली उतरतो. का उतरतो, हे पाहिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

आधी चालतो कोण ते पाहू. फूटपाथ म्हणजे पुण्या-मुंबईची चैन, आपल्याकडे लोक गाडीवर फिरतात, हे मी नगरसेवकांच्या तोंडून ऐकले आहे. गाडीवर पुरुष फिरतात, आणि तेही तरणे. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट केले. दिव्यांगांची सवलत आधीपासून आहेच. या निर्णयांनी गावोगावच्या आज्या, सुना, गुडघे धरून चालणारे म्हातारे तालुक्याला आणि जिल्ह्याला येऊ लागले. दवाखाना, बँक, तहसील, निराधार योजनेचा कागद, दिव्यांग प्रमाणपत्र अशी त्यांची कामे. शासनाने त्यांना बसस्थानकापर्यंत फुकट किंवा निम्म्या पैशांत आणून सोडले. तिथून पुढचा अर्धा-एक किलोमीटर मात्र त्यांचा त्यांनी पाहायचा. रिक्षाला जे पैसे जातात ते कधीकधी वाचलेल्या तिकिटाहून जास्त असतात. हा फूटपाथचा प्रश्न आहे, आणि तो चैनीचा नाही.

देशाचे आकडे याच गोष्टीकडे बोट दाखवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले ३२,८२५ पादचारी होते. दर पाच मृतांमागे जवळपास एक माणूस कुठल्याही वाहनात नव्हता. जायबंदी झालेल्यांची गणती वेगळी. गटारात पाय जाऊन मोडलेल्या खुब्याची नोंद तर अपघात म्हणून होतच नाही, कारण त्यात वाहन नसते.

आता मूळ मुद्दा. आपल्या छोट्या शहरांत फूटपाथ बांधला जात नाही, गटार बांधले जाते. रस्त्याच्या कडेने आरसीसी गटार होते, त्यावर ढापे पडतात, ढाप्यांवर कधी पेव्हर ब्लॉक बसतात, आणि अंदाजपत्रकात त्या पट्ट्याला पदपथ म्हणतात. गटाराची रुंदी पाण्यावरून ठरते, माणसाच्या खांद्यांवरून नाही. गटाराची उंची पाण्याच्या उतारावरून ठरते. त्यामुळे ढापा कुठे रस्त्याच्या पातळीत, कुठे गुडघाभर वर. गाळ काढायला ढापा उचलावा लागतो, उचलताना तो फुटतो किंवा परत बसवताना तिरका बसतो. सफाई कामगाराचा यात दोष नाही. शंभर-दीडशे किलोचा ढापा दोन माणसांनी पहारीने सरकवायचा तर तो जसा बसेल तसाच बसणार. पावसाळ्याआधी उघडलेली गटारे पोळ्यापर्यंत उघडी राहिलेली पुष्कळांनी पाहिली असतील.

त्यात दुकानदाराच्या पायऱ्या. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा सिमेंटचा नवा थर चढतो, जुना उकरून काढायची पद्धत नाही, त्यामुळे रस्ता चढत जातो. पाणी दुकानात शिरू नये म्हणून दुकानदार जोते उंच करतो आणि पायऱ्या बाहेर, गटारावर काढतो. शेजारच्याने घसरण केली, तिसऱ्याने गाडी चढवायला उतार ओतला. शंभर फुटांत दहा पातळ्या तयार होतात. सशक्त माणूस त्या चढतो-उतरतो, पण डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर असलेली बाई तसे करत नाही. ती शहाणपणाने रस्त्यावरून चालते. मग वाहनवाला म्हणतो, फूटपाथ असून लोक त्यावरून जात नाहीत.

भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, क्रमांक १०३, या सगळ्यावर फार वर्षांपूर्वीच बोलली आहे. तिची २०१२ची आवृत्ती सांगते: चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर, रस्त्यापासून कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या आत, बाजारपेठेत रुंदी याहून जास्त. मोकळी रुंदी याचा अर्थ खांब, झाड, डीपी, पायरी, पाटी हे सगळे वगळून उरते ती. हे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील या हिशेबाने आहे. आता आपल्या विकास आराखड्यातला अठरा मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही दिशांच्या वाहनांना मिळून सात मीटर आणि दोन्हीकडे १.८ मीटरचे फूटपाथ दिले तर १०.६ मीटर झाले. उरले ७.४. म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेचार मीटरला थोडे कमी, त्यात गटार, झाडांची रांग आणि दुचाकींचे पार्किंग किंवा हातगाड्या बसतात. बारा मीटरच्या रस्त्यावर हाच हिशेब केला तर प्रत्येक बाजूला जेमतेम सत्तर सेंटिमीटर उरतात. तिथे फूटपाथ आणि गटार होईल, पार्किंग होणार नाही. म्हणजे जागा नाही ही तक्रार अठरा मीटरच्या रस्त्यावर खोटी आहे आणि बारा मीटरच्या रस्त्यावर निवड करावी लागते. ती निवड आपण न बोलता पार्किंगच्या बाजूने करून टाकलेली आहे.

सहा-सात मीटरच्या जुन्या गल्ल्यांत तर फूटपाथचा आग्रहच धरू नये, असे माझे मत. धाराशिवच्या जुन्या पेठेत, तुळजापुरात देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर, परंड्याच्या किल्ल्याजवळच्या वस्तीत दोन हातांचा उंच ओटा करून त्याला फूटपाथ म्हणणे म्हणजे आणखी एक पायरी वाढवणे. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच पातळीची फरसबंदी, मध्ये किंवा कडेला झाकलेले गटार, आणि वाहनांचा वेग पायी माणसाच्या जवळपास आणणे हा उपाय आहे. पूर्वी या गल्ल्या तशाच चालत होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात, माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घाला असे म्हटले. कारण साधे आहे: त्या वेगाची धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो, पन्नासच्या वर ती खात्री राहत नाही. आपल्या बाजारगल्लीत तीसही जास्तच आहे.

रुंदी एवढेच उत्तर नाही, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर लोहारा-उमरगा भागात गावे नव्या जागी, आखीव चौकोनांत, रुंद रस्त्यांची वसवली गेली. कागदावर ती शहरनियोजनाच्या पुस्तकासारखी सरळ. पण चालणाऱ्याला मिळाले ते ऊन. जुन्या बोळांत भिंतींची सावली होती, बसायला ओटे होते, घरे हाकेच्या अंतरावर होती. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी सावली नसलेला फूटपाथ कितीही गुळगुळीत असला तरी रिकामाच राहणार. म्हणून रस्ता रुंदीकरणात पहिला बळी जातो ते कडुलिंबाचे किंवा चिंचेचे झाड पादचारी सुविधेतच मोजले पाहिजे. आपण ते अडथळ्यांच्या यादीत टाकतो.

अतिक्रमण हा शब्द निघाला की नजर हातगाडीकडे वळते. तिच्याआधी तीन गोष्टी मोजाव्यात: उभी वाहने, बांधलेल्या पायऱ्या आणि ओटे, आणि सरकारी सामान. सरकारी सामानात विजेचा खांब, रोहित्र, टेलिफोनची पेटी, स्वागत कमानीचे पाय, नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची बांबूची चौकट हे सगळे आले. शिवाय मोकाट जनावरे. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे, आणि तिला आपल्या गावात फूटपाथवर बसण्याचा हक्क कोणी नाकारलेला नाही. हातगाडी या रांगेत बरीच मागे येते. शिवाय ती असते तिथेच संध्याकाळी उजेड आणि वर्दळ असते. एकटी चालणारी बाई अशाच कडेने जाते.

फेरीवाल्यांबाबत कायदा मुंबईच्या फूटपाथवर घडला. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण फूटपाथ सर्वांच्या ये-जा करण्यासाठी आहे हेही त्याच निकालात सांगितले. दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्यातून हवे ते मिळते. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा आला: शहर फेरीवाला समिती, तिच्यात चाळीस टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी, सर्वेक्षण झाल्याशिवाय हटवणे नाही, विक्रीची क्षेत्रे आखून देणे. छोट्या शहरांत सर्वेक्षण होते, पीएम स्वनिधीचे कर्जही मिळते, पण जागा आखून दिली जात नाही. मग मंत्र्यांच्या दौऱ्याआधी जेसीबी येतो, आठवड्याने गाड्या परत येतात. त्या फेऱ्यात फूटपाथ मात्र जेसीबीच्या पट्ट्यांनी तुटलेला राहतो.

चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल, पांढरी काठी यांचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी येतो आणि आला की शोभेपुरता येतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर दिव्यांग नोंदले गेले. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम सार्वजनिक जागा सुगम्य करणे बंधनकारक करतो. पण त्याखालच्या नियमांत मानके अशा भाषेत होती की ती पाळणे न पाळणे यंत्रणेच्या मर्जीवर राहिले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके हेच पकडले: नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि न पाळल्यास परिणाम भोगावा लागेल अशी किमान मानके वेगळी काढून बंधनकारक करा, असे केंद्राला सांगितले.

उताराचे गणित पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा. फूटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. आपले गटारावरचे फूटपाथ कुठे ४५ सेंटिमीटर उंच आहेत; तिथे ५.४ मीटर लांब उतार लागेल. तेवढी जागा नसते, म्हणून ठेकेदार दीड-दोन फुटांत घसरगुंडी ओतून मोकळा होतो. म्हणजे सुगम्यता उतारापाशी सुरू होत नाही, गटाराची पातळी ठरवतानाच ती ठरून जाते. एकदा गटार उंच ओतले, की पुढची तीस वर्षे कोणताही रॅम्प त्याला वाचवत नाही.

दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेल्या खुंटांचेही असेच. मोटारसायकलच्या हँडलची रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, चाकाच्या खुर्चीचीही जवळपास तेवढीच. एकीला अडवणारा खुंट दुसरीलाही अडवतो. मुंबईत हेच झाले: २०२३ मध्ये चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका रहिवाशाच्या ईमेलची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे महापालिकेने दोन खुंटांतले अंतर मोजायला घेतले. दोन खुंटांत ९० सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा ठेवून दुचाकीला दंडाने अडवावे लागते, दगडाने नाही. फूटपाथवर वाहन चालवणे आणि लावणे मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांनुसार गुन्हा आहेच.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरशा जपानमधल्या ओकायामा शहरातून आल्या. सेइइची मियाके यांनी त्या बनवल्या आणि १९६७ मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे गवंड्याला हे कोणी सांगितलेले नसते. पिवळी पट्टी आली की बजेटमधले कलम पूर्ण. ती विजेच्या खांबात जाऊन संपते, किंवा रेघा आणि ठिपके नक्षीसारखे आलटून-पालटून बसतात. अशी पट्टी नसलेली बरी, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस जखमी होतो.

गावातून जाणाऱ्या महामार्गांचा विषय थोडा वेगळा. जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात: सोलापूर-तुळजापूर-येडशी-बीड असा ५२ क्रमांकाचा आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा. रस्ता आधी चौपदरी होतो आणि पलीकडच्या शाळेत पोरे कशी जाणार हे नंतर आठवते. मग दुभाजक तोडून वाट केली जाते, तिला महामार्ग प्राधिकरण अनधिकृत म्हणते. पादचारी पूल हे उत्तर मला पटत नाही. मुंबईच्या स्कायवॉकनी दाखवले की माणूस दोन मजले चढून रस्ता ओलांडत नाही, आणि गुडघेदुखी असलेला तर नाहीच. जमिनीवरूनच, वाहनांचा वेग कमी करून ओलांडायची सोय किंवा शेतकरी आणि जनावरे दोघांनाही चालेल असा भुयारी मार्ग, हेच टिकते.

महाराष्ट्रात पादचाऱ्यांचा विचार धोरण म्हणून पहिल्यांदा पुण्याने केला. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले आणि रस्ता रचनेची मार्गदर्शिका केली. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, झाडे सांभाळून, बसायच्या जागांसह पदपथ झाला. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा करतात. पुण्यातल्याच शेकडो रस्त्यांची अवस्था आपल्यासारखी आहे, हे पुणेकरच आधी सांगतील. तरी एक गोष्ट तिथे झाली: वाहनांना आधी जागा देऊन उरलेली पादचाऱ्यांना द्यायची, हा क्रम निदान काही रस्त्यांवर उलटला. धाराशिवने पुण्याचे ग्रॅनाइट उचलायची गरज नाही, क्रम उचलावा.

आता न्यायालयाचा रेटाही आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालचा हक्क ठरवला आणि ते दिव्यांगांना वापरता येतील असे असावेत म्हणून राज्यांना धोरण करायला सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेल्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली सहा महिन्यांत नियम करा, असा आदेश झाला. यातले २१०ड राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकी रस्त्यांच्या रचनेचे आणि देखभालीचे आहे, म्हणजे नगरपालिकेचे रस्ते त्यात येतात. सदोष रचनेबद्दल ठेकेदार आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाचे कलम १९८अ हेही २०१९चेच. कागदाची कमतरता आता उरलेली नाही.

कमतरता आहे ती मालकाची. रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कधी राष्ट्रीय महामार्गाचा, गटार नगरपालिकेचे, जलवाहिनी जीवन प्राधिकरणाची, खांब महावितरणचा, पार्किंग वाहतूक पोलिसांचे, बसस्थानकाचे फाटक एसटीचे. फूटपाथ या सगळ्यांच्या कामाच्या खाली किंवा कडेला पडतो आणि कोणाच्याच नावावर नसतो. प्रत्येक जण खोदतो, बुजवताना आपापल्या पातळीत बुजवतो. नगरपालिका तर कितीतरी काळ प्रशासकाच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनी निदान विचारायला नगराध्यक्ष मिळाले.

तुळजापूर हे यातले सगळ्यात मोठे परीक्षाकेंद्र ठरणार आहे. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिर विकासासाठी १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर झाला. एवढ्या पैशात महाद्वारे, वाहनतळ, भव्य चौक होतीलच. मी त्यात पाहीन ते इतकेच: बसस्थानकापासून मंदिरापर्यंत, परड्या आणि कवड्यांच्या माळांच्या दुकानांसमोरून, एकही पायरी न चढता-उतरता जाता येते का. महाद्वारातून आत देवीकडे पायऱ्या उतरतात, ते डोंगरउताराचे जुने देऊळ आहे, तिथे वेगळा विचार लागेल. पण बाहेरचा रस्ता तर आज बांधायचा आहे.

धाराशिव शहरासाठी एवढ्या कोटींची वाट पाहायला नको. सगळे शहर एकदम करायचे ठरवले की काहीच होत नाही. एक वाट धरावी. बसस्थानक ते जिल्हा रुग्णालय ही माझ्या मते पहिली, कारण तिच्यावर आजारी, म्हातारी आणि दिव्यांग माणसेच जास्त चालतात. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते बहुधा वैयक्तिक मदत म्हणून वाटले जातात आणि त्या मदतीची गरज आहेच. पण सलग वाटेसाठी पैसा त्यातूनच काढायला हवा असेही नाही, गटार आणि रस्त्याच्या कामात तो आधीच खर्च होतो आहे. फक्त पातळी आधी ठरवून कागदावर मांडायची. निविदेत तीन अटी घालाव्यात: कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या आत; ढापे लोखंडी चौकटीत बसणारे, दोन माणसांना उचलता येतील एवढ्याच वजनाचे; आणि दुकानांच्या पायऱ्या आपापल्या हद्दीत, ज्यांना शक्य नाही त्यांना पालिकेनेच समान मापाची पायरी करून द्यावी. मग मोजमाप पुस्तिकेवर सही करण्यापूर्वी नगर अभियंत्याने तीनचाकी सायकल वापरणाऱ्या एखाद्या नागरिकाला, त्याच्या वेळेचा मोबदला देऊन, बसस्थानकापासून रुग्णालयापर्यंत जायला सांगावे. जिथे त्याला रस्त्यावर उतरावे लागेल तेवढ्या मीटरचे बिल धरायचे नाही.